मोठ्या कमानीतला गूळ

तात्याबा पाटोळ्यांची आणि माझी पहिली भेट जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर झाली. मी हवेत होतो आणि ते मला फेकत होते.

सन त्र्याहत्तरचा मार्च महिना होता. दुष्काळानं झाडांवरची पानंसुद्धा परत मागून घेतली होती. मी धोंडखेडच्या विविध कार्यकारी सोसायटीचा नवाकोरा सेक्रेटरी, अंगात इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाईल. चेअरमन आबासाहेबांनी सांगितलं होतं, "ते किरिस्ताव देऊळ बघून या. सामुदायिक विहिरीच्या कामावरल्या बायांची लेकरं सावलीला बसवायला जागा पायजे." म्हणून मी चर्चमध्ये शिरलो. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर गारव्यानं बरं वाटलं. थेट वेदीपर्यंत गेलो, तिच्यापुढच्या मोठ्या कमानीखाली उभा राहिलो, मान वर केली आणि "वा!" म्हणालो.

तो "वा" तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत खांबाआडून एक काटकुळा माणूस उखळी तोफेच्या गोळ्यासारखा सुटला. त्याचं डोकं माझ्या पोटात बसलं. फाईल एकीकडं, मी दुसरीकडं, चपला मात्र होत्या तिथंच. मी इतका वेळ हवेत होतो की वाटेत मला वडवणीचा आठवडी बाजार दिसला, शेळ्यांचे भाव ऐकू आले, सिरसाळ्याकडं निघालेल्या एसटीच्या टपावर पाटीत बसलेल्या एका कोंबडीनं माझ्याकडं वळून बघितलं, आणि मग मी दारातल्या पायरीवर उतरलो.

तो माणूस धापा टाकत माझ्यापुढं उकिडवा बसला. वय पंचावन्नच्या आसपास, डोक्याला मुंडासं, हनुवटी आभाळाकडं.

"लागलं का साहेब?"

"लागलं म्हणजे काय! कंबर गेली माझी!"

"मंग बेस झालं," तो म्हणाला. "तिथं हुबं ऱ्हायला असता, तर लागलेलं कळलं बी नसतं."

एवढं बोलून तो आत गेला आणि त्यानं कमानीच्या अलीकडूनच हात लांब करून एका काठीनं माझ्या चपला ओढून आणल्या. कमानीखाली जाऊन उचलल्या नाहीत. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी कंबर चोळत होतो.

हे तात्याबा. चर्चचे राखणदार, झाडूवाले, दिवाबत्तीवाले आणि घंटा वाजवणारे. चारही कामं ते वर बघत करत. झाडूसुद्धा वर बघत मारत, त्यामुळं कचरा असायचा तिथंच असायचा आणि छताची मात्र त्यांना खडानखडा माहिती होती. गावात म्हणायचे की तात्याबाला आपल्या बायकोचा चेहरा नीट माहीत नाही, कारण केशरबाई ठेंगणी.

घंटेचं तर विचारूच नका. ती घंटा सातासमुद्रापलीकडून मुंबईला आली, तिथून आगगाडीनं नगरला आली आणि नगरहून बैलगाडीत अकरा दिवस हेलकावे खात धोंडखेडला पोचली. मोठ्या कमानीच्या वरच्या भिंतीत, एका झरोक्यात ती टांगलेली होती. वाजवली तर तीन मैलांवर ऐकू जावी अशी तिची छाती. पण तात्याबा दोरी अशी ओढायचे की जणू झोपलेल्या वाघाची शेपटी धरली आहे. 'टुण' असा एक आवाज यायचा. अर्धी मंडळी उपासनेला उशिरा यायची आणि "घंटा ऐकूच आली न्हाई" म्हणायची. पाळक मोहनराव चिडायचे. तात्याबा म्हणायचे, "देवाला ऐकू जाती, लई झालं."

आता त्या चर्चविषयी सांगतो, कारण त्याच्याशिवाय तात्याबा कळायचे नाहीत.

एकोणीसशे सालच्या मोठ्या दुष्काळात ते बांधलं. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य. नगरकडून एक गोरा पाद्री घोड्यावर बसून आला. लोक मरत होते. त्यानं चर्च बांधायला काढलं आणि जो दगड उचलेल त्याला दोन वेळचं खायला देऊ केलं. नकाशा त्यानं आपल्या गावाकडचा आणला होता. त्याच्या गावाला बर्फ पडतो, म्हणून छप्पर इतकं उभं घातलं की बर्फ घसरून खाली यावं. धोंडखेडच्या त्या छपरावरून आजवर दोन माकडं आणि एक कौलं शाकारणारा घसरला आहे. बर्फाची अजून वाट आहे.

नकाशा साहेबाचा असला तरी हात आपले होते. मुख्य गवंडी होते ज्ञानोबा मिस्त्री, तात्याबांचे आजोबा. त्यांनी जन्मभर दर्गे, देवळं आणि बारवा बांधलेल्या. त्यामुळं चर्चच्या कमानी दर्ग्यासारख्या टोकदार झाल्या, खांबांवर देवळातली कमळं उमलली, आणि दारापुढच्या पायऱ्या अशा झाल्या की उतरताना हातात घागर असल्यासारखं वाटतं. साहेबानं कमळाकडं बोट दाखवून विचारलं, हे काय? ज्ञानोबा म्हणाले, फूल हाय. साहेब म्हणाला, बरं.

भिंती काळ्या दगडाच्या, अडीच हात रुंद. मधलं दालन लांबट, दोन्ही बाजूंना चार-चार खांब. आणि दालन संपून वेदी सुरू होते तिथं ती मोठी कमान. बावीस फूट उंच. तिच्या डोक्यावर भिंत, भिंतीत घंटा. सगळ्या इमारतीची ऐट त्या कमानीत होती, आणि कमानीची ऐट गुळात.

म्हणजे असं, की जुना चुना नुसता चुना नसायचा. बैलांनी ओढायच्या दगडी घाणीत तो दळताना त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, उडदाचं भिजवण घालत. पाद्रीसाहेबांनी या कामासाठी गुळाच्या ढेपी बाहेरून मागवल्या होत्या. 'आमची कमान गुळाची आहे' हे धोंडखेडची मंडळी इतक्या अभिमानानं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, भूक लागली तर एक तुकडा मोडून खाता येईल. नाताळच्या जेवणात पहिलं ताट ज्ञानोबांच्या घराला मिळायचं. त्याला 'मिस्त्रीचं ताट' म्हणत, आणि त्यात सगळ्यात आधी गुळाचा खडा ठेवत. पाळक उभे राहून म्हणत, "ज्या हातांनी गूळ कालवून हे मंदिर उभं केलं, त्यांच्या घराला." ज्ञानोबांनंतर त्यांच्या मुलानं तो खडा खाल्ला, त्यानंतर तात्याबांनी. तात्याबांना त्या ताटातलं गोड खाताना मी पुढं एकदा पाहिलं. माणूस एरंडेलसुद्धा त्याहून आनंदानं पितो.

तर, पोरं चर्चमध्ये बसवायला पाळक मोहनरावांनी एका शब्दात होकार दिला आणि तात्याबांनी शंभर शब्दांत नकार. पहिल्या दिवशी ते म्हणाले, आत आग्या मोहोळ आहे. आम्ही बघितलं, नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, वेदीखाली नाग आहे. आबासाहेब म्हणाले, "त्याला बी सुकडी देऊ." तिसऱ्या दिवशी म्हणाले, गोऱ्या पाद्रीचं भूत दुपारी आत फिरतं.

यावर भिमाबाई पुढं झाल्या. त्या पासष्टीच्या, बौद्धवाड्यातल्या. कामावर खडी फोडणं झेपत नव्हतं म्हणून मुकादमानं त्यांना पोरं सांभाळायला नेमलं होतं. कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तात्या, पाद्रीचं भूत असंल तर झोळीला झोका देईल. माझी बी कंबर दुखती."

पोरं आली. बत्तीस होती. खांबाखांबाला झोळ्या बांधल्या. सोसायटीतून सुकडीची, म्हणजे लेकरांना द्यायच्या गोड पिठाची, पोती आली. दुष्काळातल्या त्या काळ्या गार दालनात लेकरांची रडारड, हसणं आणि भिमाबाईंच्या शिव्या घुमायला लागल्या. मला तर ते चर्च त्या दिवसांत पहिल्यांदा नीट वापरात आल्यासारखं वाटलं. आणि तात्याबांनी काय केलं? पाटीभर फक्की आणली आणि मोठ्या कमानीपासून सात पावलांवर जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी रेघ ओढली.

"ह्या रेघंच्या पल्याड एक बी लेकरू जाता कामा न्हाई."

"कावून?" भिमाबाईंनी विचारलं.

"देवाची जागा हाय."

"आन् रेघंच्या अल्याड कुणाची हाय? तालुक्याची?"

पण त्यांनी पोरं रेघेच्या अलीकडं ठेवली. तात्याबा दिवसभर काठी घेऊन रेघेवर उभे. रांगतं पोर रेघेकडं सरकलं की त्यांच्या तोंडाला फेस यायचा. आम्ही हसायचो. आबासाहेब म्हणायचे, "आपल्याला कबड्डीचा पंच फुकट भेटला."

मग विहिरीच्या कामावर सुरुंग सुरू झाले.

ही विहीर सोसायटीची. दुष्काळी कामातून खोदायची आणि पाऊस आला की वीस घरांनी मिळून वापरायची, असा बेत. जागा चर्चपासून दीडशे पावलांवर. पंधरा हातांवर कुदळीला दाद न देणारा मांजऱ्या दगड लागला. मग कारभारी नावाचा सुरुंगवाला आला. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेल्या दोन बोटांचं काय झालं असं विचारलं की तो म्हणायचा, "म्हणून तर लोक माझ्यावर भरवसा ठिवतात. मला म्हाईत हाय काय होतं ते." दुपारी बाराला तो लाल फडकं दाखवायचा आणि ओरडायचा, "सुरुंग हाय होऽऽ, लांब व्हाऽऽ!" मग जमीन पोटातून खाकरायची. झोळ्या हलायच्या. आणि मोठ्या कमानीतून चिमूटभर पांढरी भुकटी खाली गळायची.

ती भुकटी तात्याबा मुंडाशाच्या पदरात झेलायचे. इतर वेळी कमानीखाली न जाणारा माणूस, पण स्फोट झाला की पळत जायचा, पदर पसरायचा, भुकटी घेऊन पळत बाहेर यायचा. बाहेर उन्हात बसून ती बोटांत चोळायचा. जिभेला लावायचा.

"काय बघता तात्याबा?" मी एकदा विचारलं.

"गोड लागती का बघतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या जिभेवर पांढरा चुना तसाच होता.

एप्रिल लागला. एक दिवस दुपारी तात्याबा सोसायटीत आले आणि दार लावून घेतलं. सोसायटीचं दार दुष्काळात कुणी लावत नसे, कारण मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या, पोत्यांचा वास कोंडायचा. ते माझ्यासमोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं, म्हणजे समोर, बघितलं.

"शेक्रेटरीसाहेब, मोठ्या कमानीत गूळ न्हाई."

"म्हणजे?"

"आज्यानं खाल्ला."

मग त्यांनी सांगितलं. पाद्रीनं दिलेल्या ढेपी चुन्याच्या घाणीजवळ ठेवलेल्या होत्या. दुष्काळात बैल मेले होते, घाणी माणसं ओढत होती. पाद्री खायला देत होता, पण त्या अंगमेहनतीला ते पुरत नव्हतं, आणि ज्ञानोबांच्या घरी पाच तोंडं होती. मोठी कमान चढत होती तेव्हा ज्ञानोबांनी आधी एक खडा तोंडात टाकला. मग घरी नेला. मग ढेपच नेली. उडीद भिजवायला दिले होते, ते शिजवले. कमानीत गेला तो नुसता चुना आणि पाणी. आणि पाणीसुद्धा बेताचंच. मरताना ज्ञानोबांनी हे आपल्या मुलाला सांगितलं. मुलानं मरताना तात्याबांना सांगितलं. ज्ञानोबांनंतर त्या घरात कुणी थापी हातात धरली नाही.

"बा म्हणला, ती कमान एक दिस पडणार हाय. तू घंटा हळू वाजव. माणसं खालती हुबी राहू दिऊ नगंस. पर सांगू नगंस. मिस्त्रीचं ताट जाईल." त्यांनी मुंडासं सरळ केलं. "साठ माणसांम्होरं दर नाताळाला त्यो गूळ खातो मी. घशाखाली उतरत न्हाई, साहेब."

मी शिकलेला माणूस होतो. म्हणालो, "अहो, सत्तर वर्षं उभी आहे ती."

तेव्हा त्यांनी खिशातून कागदाची पट्टी काढली. कमानीच्या डाव्या खांद्यावर एक चीर होती. शिडी लावून त्यांनी चिरेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवली होती, मिलोच्या पिठाच्या खळीनं. चीर हलली तर पट्टी फाटणार. ही खूण त्यांना बापानं शिकवलेली. पहिल्या दोन पट्ट्या मुंग्यांनी खळीसाठी खाल्ल्या. तिसऱ्या वेळी खळीत कडुनिंबाचा रस घातला. ती पट्टी माझ्या टेबलावर होती. मधोमध फाटलेली, सरळ, कात्रीनं कापावी तशी.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझी नजर आपोआप वर गेली, सोसायटीच्या पत्र्याकडं.

त्या दिवसापासून आम्ही दोघे घाबरलो. दुपारी बारा वाजत आले की माझ्या हातातला पेन थांबायचा. मी चर्चच्या दारात जाऊन उभा राहायचो. आत झोळ्यांमध्ये पोरं झोपलेली, भिमाबाई खांबाला टेकून पेंगत, आणि रेघेवर तात्याबा. आमची नजरानजर व्हायची. "सुरुंग हाय होऽऽ!" मग ती खाकर. मग भुकटी. पोरांमधलं एखादं झोपेत दचकायचं आणि परत झोपायचं. मी मोजत बसायचो की कमान पडली तर सात पावलं पुरतील का. बावीस फूट उंच कमान. वर भिंत. भिंतीत घंटा. सात पावलं मला रोज कमी वाटायची.

"चौदा पावलं करा," मी एक दिवस म्हणालो.

"मंग लेकरं दाराभाईर जात्यात," तात्याबा म्हणाले. "आन् भाईर ऊन हाय. काल वरच्या वस्तीवर एक लेकरू उन्हानं गेलं."

आत कमान, बाहेर ऊन. मी म्हणालो, "मंडळीला सांगा. चर्चचे पंच टेकू लावतील, सुरुंग थांबवतील, काहीतरी करतील."

"आन् आज्या?"

मी दाराकडं बघितलं. दाराजवळच्या दगडावर थापी कोरलेली होती आणि खाली 'ज्ञानोबा मिस्त्री'. तात्याबा रोज सकाळी त्या दगडावरून ओलं फडकं फिरवायचे. दुष्काळातसुद्धा, तांब्यातल्या शेवटच्या घोटात भिजवून.

पुढच्या रविवारी उपासना होती. कामाची सुट्टी बाजाराच्या दिवशी असायची, त्यामुळं रविवारीही पोरं होतीच. मागं दाराशी, भिमाबाईंच्या ताब्यात. मीही मागं बसलो. पाळक मोहनरावांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. धोंडखेडला साक्षी ठरलेल्या होत्या: एकजण तंबाखू सोडल्याची द्यायचा, दर महिन्याला.

तात्याबा उठले. मुंडासं काढून हातात घेतलं होतं. पाळकांना वाटलं, घंटा नीट वाजवण्याचं वचन देतात की काय.

"आमच्या आज्यानं गूळ खाल्ला," तात्याबा म्हणाले. "ह्या कमानीत गूळ न्हाई. चीर हलती हाय. ही पडणार हाय. आजवर बोललो न्हाई, ताटासाठी. आता लेकरं हायेत म्हणून बोलतो."

केशरबाईंनी पदर तोंडात धरला. पाळक मोहनराव कमानीच्या बरोबर खाली उभे होते. त्यांनी वर बघितलं नाही. पवित्र शास्त्र मिटलं, ते बगलेत घेतलं आणि अगदी शांतपणे, सन्मानानं, एक-एक पाऊल टाकत सात पावलं पुढं आले. रेघ ओलांडल्यावर मात्र त्यांनी श्वास सोडला.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"एवढंच व्हय रं तात्या?" भिमाबाई होत्या. कडेवर एक पोर, पायाशी दोन. "आरं, घाणी कोण ओढत हुतं? माझी माय ओढत हुती. तुज्या आज्यानं एकट्यानं खाल्ला? समद्यांनी खाल्ला. हितल्या एका बी भिंतीत गूळ न्हाई. माय म्हणायची, चुन्यात गेला असंल तर आमच्या हाताचा घाम गेला. गुळाच्या ढेपीचं कापडसुदीक उकळून प्यालो, म्हणायची."

त्यांना वाटलं, यानं तात्याबांचा जीव भांड्यात पडेल. तात्याबांनी मान हळूहळू फिरवली. डावीकडचे चार खांब. उजवीकडचे चार. छप्पर. दारावरची कमान. आपण उभे आहोत ती जागा.

"समदंच?" ते म्हणाले. "बाय, आजवर मला एकाच कमानीचं भ्या हुतं!"

पहिल्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या उठल्या. मग दुसरा बाक. कुणी ओरडलं नाही, कुणी धक्काबुक्की केली नाही. पण साठ माणसं आणि बत्तीस पोरं त्या एका दारातून इतक्या लवकर बाहेर पडली की पिपातलं पाणीसुद्धा तेवढ्या वेळात सांडत नाही. उरलेली उपासना लिंबाखाली झाली. शेवटचं गीत गाताना सगळ्यांची तोंडं चर्चकडं होती आणि आवाजात कंप होता.

सोमवारी सोसायटीनं तातडीनं बैठक घेतली. आबासाहेब तात्याबांना हसले नाहीत. म्हणाले, "गूळ ऱ्हाऊ द्या, त्यानं तोंड उघडलं हे मोठं हाय." लिंबाखाली सोसायटीची ताडपत्री ताणून मांडव घातला, बाजूंनी पोती टांगली, त्यांवर दिवसातून दोनदा घागरभर पाणी शिंपडायचं ठरलं. ते पाणी कुणाच्या वाट्यातून द्यायचं यावर तासभर भांडण झालं आणि शेवटी पाच घरांनी आळीपाळीनं दिलं. पोरं तिकडं गेली. तालुक्याहून ओव्हरसियर आला. त्यानं किल्लीनं चुना खरवडला, वास घेतला.

"कमानीत दगड दगडाला रेटून उभा असतो," तो म्हणाला. "चुना नुसता फटी बुजवतो. गुळाचं मला माहीत नाही, आम्हाला सिमेंट शिकवलं. पण लावून ठेवा दोन टेकू."

"दगडाला कोण सांगतं, रेटून ऱ्हा म्हणून?" तात्याबांनी विचारलं. ओव्हरसियर जीपमध्ये जाऊन बसला.

सोसायटीच्या जुन्या गोदामाच्या दोन तुळया टेकू म्हणून लावल्या. सुरुंग मात्र थांबले नाहीत. खाली पाणी असेल तर ते आता हवं होतं, जूनमध्ये नव्हे. कारभारी म्हणाला, एक शेवटचा मोठा घ्यावा लागेल, सहा भोकांचा.

तो दिवस गुरुवार. सगळं काम बंद ठेवून गाव लांब उभं राहिलं. गंमत अशी, की सुरुंग विहिरीत होता आणि सगळं गाव विहिरीकडं पाठ करून चर्चकडं बघत होतं. तात्याबा सगळ्यांच्या पुढं, मुंडासं दोन्ही हातांत धरून. ओठ हलत होते. भिमाबाई त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांचं मनगट धरलं. मी त्या दिवशी देवळातल्या, चर्चमधल्या, विहारातल्या, सगळ्यांना हात जोडताना पाहिलं. माझेही जोडलेले होते.

"सुरुंग हाय होऽऽ!"

पायाखालची जमीन एक वीत वर आली असं मला वाटलं. काळा धूर, मग दगडांचा पाऊस. आणि चर्चची घंटा आपली आपण वाजली. एकदाच. पण पूर्ण छातीनं. तिचा खरा आवाज गावातल्या निम्म्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पाठोपाठ आत काहीतरी कोसळल्याचा मोठा धडाका झाला. दारातून धूळ बाहेर आली.

"पडली," तात्याबा म्हणाले आणि खाली बसले.

धूळ बसायला वेळ लागला. मी आणि आबासाहेब दारापर्यंत गेलो. मोठी कमान होती तशी उभी होती. टेकू जागच्या जागी. चिरेवरची नवी पट्टीसुद्धा शाबूत. पण छपराला गाडीच्या चाकाएवढं भोक पडलं होतं, त्यातून उन्हाचा खांब खाली उतरला होता, आणि त्या उजेडात जमिनीवर विहिरीचा ओला काळा दगड पडलेला होता, मिलोच्या पोत्याएवढा. फरशी फुटली होती. फक्कीच्या रेघेच्या अलीकडं, चार पावलांवर. दोन खांबांच्या मध्ये, जिथं रविवारपर्यंत झोळ्या होत्या. काढायची राहिलेली एक झोळी दगडाखाली होती. तिचं लुगड्याचं टोक तेवढं बाहेर दिसत होतं.

आबासाहेबांनी टोपी काढली. भिमाबाई आत आल्या, त्यांनी ते टोक पाहिलं आणि खांबाला धरून उभ्याच राहिल्या. मग मोजायला लागल्या. बाहेर मांडवात पोरं होती, तरी त्यांनी तिथूनच बत्तीसपर्यंत नावं घेतली, मोठ्यानं, एकेक करून.

तात्याबा सगळ्यांत शेवटी आले. दगडाकडं त्यांचं लक्षच नव्हतं. उन्हाच्या खांबातून तसेच पुढं गेले, रेघ ओलांडली, मोठ्या कमानीखाली जाऊन थांबले आणि वर बघत राहिले. मी त्यांना तिथं उभं राहिलेलं पहिल्यांदा बघत होतो.

"तात्याबा, चला बाहेर," मी म्हणालो.

"पडली न्हाई," ते म्हणाले. त्यात आनंद होता की आणखी भीती, मला आजही सांगता येणार नाही. "म्हंजी अजून पडायची हाय."

नाताळात पंचांनी ठरवलं की मिस्त्रीचं ताट चालू ठेवावं, फक्त गुळाऐवजी त्यात साखर ठेवावी. तात्याबांनी साखरही तशीच, डोळे मिटून खाल्ली, आणि घंटा शेवटपर्यंत हळूच वाजवली. ब्याऐंशी साली टेकूंना वाळवी लागली म्हणून ते काढले, तेव्हा कळलं की ते कमानीला टेकलेलेच नव्हते. मध्ये दोन बोटं जागा होती. तात्याबा चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत काविळीनं वारले. कमान आहे. विहिरीला पाणी लागलं नाही.